पावसाळी खाज: कोकणातल्या कुत्र्यासाठी अ‍ॅलर्जीचं औषध कसं निवडावं

माणसाला हवेतल्या परागकणांची अ‍ॅलर्जी असली की तो शिंकतो, नाक गळतं, डोळे लाल होतात. कुत्र्याची अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा कातडीवर उतरते. तो पंजे चाटतो, बोटांच्या बेचक्यात दातांनी कुरतडतो, गाल भिंतीला किंवा पायपुसण्याला घासतो, रात्री कान फडफडवतो. बगला, जांघा आणि पोटाची उघडी कातडी लाल होते. पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या कुत्र्याचे पंजे लाळेने तांबूस दिसू लागतात, आणि घरात कुणालातरी वाटतं की चिखलाने रंगलेत. हा त्रास साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात पहिल्यांदा दिसतो. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, पग, शिह त्झू, बुलडॉग यांच्यात जास्त. गावठी कुत्र्यालाही होतो, पण गावठी कुत्रा खाजवत असेल तर आधी गोचीड आणि लूत बघावी.

औषधांची नावं आता बहुतेकांना मोबाइलवर कळतात. त्यामुळे "अ‍ॅपोक्वेलची गोळी चांगली की इंजेक्शन?" असा प्रश्न सरळ विचारला जातो. माझं म्हणणं असं की औषधाचा जोर हा नंतरचा प्रश्न. खाज नेमकी कशाची आहे आणि ती वर्षातले किती महिने टिकते, या दोन गोष्टी ठरल्या की निम्मी निवड आपोआप होते. वीस दिवसांच्या खाजेला जे औषध शोभतं तेच पाच महिने चालवलं तर कुत्र्याचं नुकसान होतं.

आधी महिने मोजा

कालनिर्णयच्या चौकटीत रोज रात्री एक आकडा लिहा. शून्य म्हणजे खाजवणं नाहीच, दहा म्हणजे खाणंपिणं आणि झोप सोडून सतत खाजवणं. शेजारी जागा लिहा: पंजे, कान, शेपटीचं मूळ, पोट. डॉक्टरांपुढे "खूप खाजवतो हो" म्हणण्यापेक्षा "गेले दहा दिवस सातच्या आसपास आहे आणि बहुतेक पंजेच" असं सांगितलंत तर ते वेगळ्या तऱ्हेने विचार करू शकतात. औषध लागू पडलं का हेही याच आकड्यावरून कळणार आहे, म्हणून औषध सुरू करण्याच्या आधीचे काही दिवस नोंदीत हवेतच.

आपल्याकडचं वर्षही डोळ्यांसमोर ठेवा. जून ते ऑगस्ट घरात ओल असते. गाद्या, गोणपाटं, कपाटांच्या मागच्या भिंती, सगळीकडे बुरशी धरते आणि धुळीतले डोळ्यांना न दिसणारे कीटक दमट हवेत वाढतात. गणपतीच्या आसपास सड्यावरचं गवत फुलोऱ्यावर येतं, भात पसवतं. गवताचे परागकण वाऱ्यावर दूर जातात, त्यामुळे भाद्रपद-आश्विनात वाढणारी खाज गवताची असण्याची शक्यता बरीच. दसरा-दिवाळीला झोडणी सुरू झाली की भाताची धूळ उडते. नवा पेंढा मांगरात येतो आणि कुत्रा नेमका त्याच्यावरच जाऊन झोपतो.

आंब्याच्या मोहोराला पुष्कळ जण दोष देतात. पण आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या आणि इतर कीटक करतात, गवतासारखे त्याचे परागकण वाऱ्यावर दूर पसरत नाहीत. पौष-माघात बागेत हिंडणाऱ्या कुत्र्याचे पाय आणि पोट लाल झालं तर मला आधी फवारणीचा संशय येतो. मोहोरावर मारलेली कीटकनाशकं खालच्या गवतावर ठिबकतात आणि पोटाच्या नाजूक कातडीला झोंबतात. तिथे अ‍ॅलर्जीच्या गोळीआधी कुत्र्याला फवारणीनंतर काही दिवस बागेबाहेर ठेवणं आणि घरी आल्यावर पाय-पोट साध्या पाण्याने धुणं हा उपाय. फवारणीनंतर लाळ गळणं, थरथर, उलट्या असं काही दिसलं तर ती विषबाधा समजा आणि तडक डॉक्टर गाठा.

बारा महिने सारखीच खाज असेल तर ती मोसमी नव्हे. मग घरातली धूळ किंवा खाणं तपासावं लागतं. खाण्याची चाचणी म्हणजे आठ आठवडे काटेकोरपणे एकच ठरवलेला आहार, मधे बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. आजी-आजोबा असलेल्या घरात हे किती कठीण जातं ते सांगायला नको.

अ‍ॅलर्जी म्हणण्याआधी तीन गोष्टी बाजूला करा

ही पायरी ओलांडून घेतलेलं कुठलंही महाग औषध वाया जातं.

पहिली, पिसवा आणि गोचीड. पिसवांची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडे चावेसुद्धा पुरतात, त्यामुळे अंगावर पिसू सापडली नाही म्हणून ती नाही असं धरू नका. खाज कमरेवर, शेपटीच्या मुळाशी आणि मागच्या मांड्यांवर असेल तर संशय पक्का. फणीने विंचरून जे काळे कण पडतील ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. गोचीड कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि गळपट्ट्याखाली शोधा.

यावर आजकाल तोंडाने द्यायच्या गोळ्या आहेत: फ्लुरालानरची एक गोळी पिसवांवर सुमारे बारा आठवडे चालते, अफॉक्सोलानर आणि सॅरोलानर महिन्याला एक. जूनच्या सुरुवातीला फ्लुरालानर दिली तर ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत पुरते आणि दुसरी गोळी जवळजवळ दिवाळीपर्यंत नेते. हिशेब आपल्या पावसाळ्याला सोयीचा आहे. कुत्र्याला फिट येत असतील तर या गटातली गोळी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. गोठ्यातल्या गुरांच्या गोचिडांसाठी आणलेलं औषध अंदाजाने पाण्यात घालून कुत्र्याला आंघोळ घालणं तर नकोच. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेली पावडर किंवा थेंब कुत्र्यालाही वापरू नका. मांजराने ते चाटलं तर जिवावर बेतू शकतं.

दुसरी, लूत. कानांच्या कडा, कोपरं आणि घोटे खरबरीत होऊन केस गेले असतील, खाज भयंकर असेल आणि घरातल्या माणसांच्या हातांवर, पोटावरही बारीक पुरळ उठली असेल तर हीच शक्यता धरा. कानाची कड दोन बोटांत हलकी चोळून बघा. मागचा पाय लगेच खाजवण्याच्या हालचाली करू लागला तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. लुतीचा किडा प्रत्येक वेळी सापडतोच असं नाही, म्हणून काही वेळा थेट उपचार करून बघितला जातो. वर सांगितलेल्या गोळ्यांचा गट इथेही उपयोगी पडतो.

तिसरी गोष्ट कोकणात सगळ्यात जास्त आढळते: बुरशी आणि जंतुसंसर्ग. जुलै-ऑगस्टच्या दमटपणात कुत्र्याच्या कातडीवरचं मॅलासेझिया नावाचं यीस्ट बेसुमार वाढतं. अंगाला कुबट, आंबूस वास येतो, केस तेलकट लागतात, बगलेतली कातडी काळी आणि हत्तीच्या कातडीसारखी जाड होते. जंतुसंसर्गात बारीक पुटकुळ्या, पू आणि कडेने सोललेले गोल चट्टे दिसतात. अ‍ॅलर्जी या दोघांना वाट करून देते, हे खरं. पण ही वाढ तशीच ठेवून फक्त अ‍ॅलर्जीची गोळी दिली तर खाज अर्धीमुर्धीच उतरते आणि मग "एवढी महाग गोळी, काही उपयोग नाही" अशी तक्रार येते. डॉक्टर साध्या पारदर्शक चिकटपट्टीने कातडीचा नमुना घेऊन, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट बघू शकतात. दहा मिनिटांचं काम. ते करून घ्या असा आग्रह धरायला संकोच करू नका.

आंघोळ हेही औषधच

क्लोरहेक्सिडिन २ ते ४ टक्के, शक्यतो मायकोनाझोलसोबत, असा शॅम्पू घ्या. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, आवरल्यावर एकदा. फेस अंगावर दहा मिनिटं राहायला हवा, आणि ती दहा मिनिटं घड्याळ लावून मोजा. बहुतेकांचा शॅम्पू इथेच फसतो: फेस आला की लगेच तांब्याने पाणी ओतलं जातं. त्या वेळात कुत्र्याला बोलण्यात गुंतवा, बगला आणि बेचक्यांत बोटं फिरवत राहा.

पुढचं काम कोरडं करण्याचं. पावसात आठ-आठ दिवस ऊन नसतं आणि जाड केसांचा कुत्रा पडवीत स्वतःहून वाळत नाही. जुन्या सुती साडीचे तुकडे दोन-तीन ठेवा, नंतर पंख्यापुढे बसवा. बेचक्यात ओल राहिली तर आंघोळीने फायद्यापेक्षा तोटा जास्त. गवतातून किंवा शेताच्या मेरेवरून फिरून आल्यावर चारही पंजे आणि पोट साध्या पाण्याने धुवून पुसलं तर अंगावर बसलेले परागकण निघून जातात. समुद्रावर नेलं असेल तर खारं पाणी गोड्या पाण्याने काढा. अंथरूण आठवड्याला कडकडीत पाण्यात धुवा, गोणपाट आणि पेंढा बंद करा.

लालसर, खाजरी जागा थोडीच असेल, म्हणजे एक पंजा किंवा पोटाचा एक पट्टा, तर हायड्रोकॉर्टिसोन अ‍ॅसिपोनेटचा कुत्र्यांसाठीचा फवारा मिळतो. तो कातडीतच काम करतो आणि रक्तात फारसा जात नाही. एवढ्याने भागत असेल तर पोटात गोळी कशाला घालायची?

माणसांच्या मलमांबद्दल मात्र कडक राहा. मेडिकलच्या काउंटरवर सहज मिळणारी स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक अशी तिहेरी मलमं कुत्रा मिनिटभरात चाटून टाकतो. क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइड रोज पोटात गेलं तर ते लपूनछपून दिलेलं औषधच झालं. कापूर घातलेलं खोबरेल, फिनेल, डेटॉल, रॉकेल, गाडीचं जळकं तेल यांपैकी काहीही कातडीवर नको. जळक्या तेलाने "लूत गेली" असं सांगणारे गावोगावी भेटतात. चाटून गेलेल्या तेलाने कुत्र्याचं काय झालं, ते मात्र कुणी सांगत नाही.

सेटिरिझिन आणि मंडळी

ही अँटिहिस्टामिनं, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या साध्या गोळ्या. सर्वांत स्वस्त पायरी. सेटिरिझिन साधारण किलोमागे १ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला १० मिलिग्रॅमची एक गोळी. मोठ्या कुत्र्याची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. हायड्रॉक्सिझिन आणि क्लोरफेनिरामिनही वापरात आहेत, त्यांनी कुत्रा थोडा पेंगतो.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. या गोळ्या हिस्टामिन नावाच्या अ‍ॅलर्जीत सुटणाऱ्या रसायनाला अडवतात, पण कुत्र्याच्या खाजेत त्याचा वाटा माणसाइतका नाही, त्यामुळे बऱ्याच कुत्र्यांना या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही. आग लागल्यावर तर नाहीच. उपयोग होतो तो हलक्या खाजेला आणि आधीपासून सुरू केल्यावर. दरवर्षी गणपतीत खाज येते असं माहीत असेल तर श्रावणाच्या मध्यापासूनच सुरू करा. दोन आठवड्यांत आकडा हलला नाही तर दुसरी अँटिहिस्टामिन एकदा बघता येईल. तिसऱ्या-चौथ्या नावामागे लागू नका.

इथे एक मोठा धोका आहे. घरातली "सर्दीची गोळी" म्हणजे नुसतं अँटिहिस्टामिन नसतं. आपल्याकडच्या सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिनसोबत फेनिलएफ्रिन आणि पॅरासिटामॉल असतं, काहींत स्यूडोएफेड्रिन. स्यूडोएफेड्रिन कुत्र्याला घातक ठरू शकतं. पाकिटावर एकच औषध लिहिलेलं हवं. पातळ औषध देत असाल तर त्यात झायलिटॉल हा गोडवा नाही ना, ते वाचा. त्याने कुत्र्याची साखर झपाट्याने उतरते आणि यकृत निकामी होऊ शकतं. अंगदुखीची आयबुप्रोफेनची गोळी तर कुठल्याच कारणासाठी नको.

स्टेरॉइड: चांगलं, स्वस्त आणि म्हणूनच जपून

प्रेडनिसोलोन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं, अगदी कमी पैशांत मिळतं आणि एक-दोन दिवसांत खाज खाली आणतं. त्याला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. सुजलेली, लाल, कुत्र्याने ओरबाडून काढलेली कातडी असेल तर थोड्या दिवसांसाठी ते उत्तम औषध आहे. नेहमीची मात्रा किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम रोज, सकाळी, खाण्यासोबत. आठवडाभराने खाज बसली की मात्रा उतरवत दिवसाआड आणावी. बरेच दिवस चालू असलेली गोळी एकदम बंद करायची नाही, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं तोवर मंदावलेलं असतं.

गोळी चालू असताना कुत्रा खूप पाणी पितो, खूप मुततो, सतत भुकेला असतो, धापा टाकतो. रात्री पडवीत मुतला म्हणून ओरडू नका. रात्री एक फेरी बाहेर न्या आणि पाणी कमी करू नका. महिनोन्महिने चालवलं तर पोट सुटतं, कातडी पातळ होते, लघवीत जंतू वाढतात, साखर चढते. मेलोक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखी दुखण्याची औषधं चालू असतील तर त्याच वेळी प्रेडनिसोलोन देऊ नये. जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

मला खरा आक्षेप आहे तो "अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शना"वर. गावात मालकच मागणी करतात: "डॉक्टर, गोळ्या नकोत, सुईच द्या." सुईत काय होतं ते मात्र कुणी विचारत नाही. ते फेनिरामिन असू शकतं, डेक्सामेथासोन असू शकतं किंवा महिनाभर शरीरात राहणारं डेपो स्टेरॉइड. गोळीचा त्रास झाला तर ती कमी करता येते, डेपो सुई दिल्यावर परत काढता येत नाही. तीन आठवड्यांनी खाज परतते, पुन्हा सुई, आणि मोसम संपेपर्यंत कुत्र्याच्या अंगात किती स्टेरॉइड गेलं याचा हिशेब कुणाकडेच राहत नाही. प्रत्येक इंजेक्शनचं नाव आणि मात्रा कागदावर लिहून मागा. चांगला डॉक्टर यावर रागावत नाही.

आणखी एक कारण खास आपल्या भागाचं. गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया आणि बॅबेसियाचा ताप इथे सर्रास आहे. कुत्रा मलूल आहे, खात नाही, हिरड्या फिकट आहेत, ताप आहे, नाकातून रक्त येतंय किंवा पोटावर जांभळे ठिपके आहेत, तर अ‍ॅलर्जीचा विचार बाजूला ठेवून आधी रक्त तपासा. अशा कुत्र्याला नुसत्या खाजेसाठी स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं काही दिलं तर मूळ आजार बळावू शकतो.

ऑक्लासिटिनिब, म्हणजे अ‍ॅपोक्वेल

२०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली ही गोळी आज जास्त चर्चेत आहे आणि ते योग्यही आहे. खाजेचा संदेश देणाऱ्या इंटरल्युकिन-३१ सारख्या प्रथिनांचं काम पेशीच्या आत ती अडवते. आराम काही तासांत सुरू होतो आणि स्टेरॉइडसारखं तहान-भूक-मूत्राचं चक्र लागत नाही. दीड-दोन महिन्यांपेक्षा लांब मोसम असलेल्या, एरवी धडधाकट, मोठ्या कुत्र्यासाठी माझी पहिली पसंती हीच.

मात्रा किलोमागे ०.४ ते ०.६ मिलिग्रॅम. जास्तीत जास्त चौदा दिवस दिवसातून दोनदा, त्यानंतर एकदाच. ३.६, ५.४ आणि १६ मिलिग्रॅमच्या गोळ्या येतात आणि त्यांच्यावर मधोमध रेघ असते. तीस किलोच्या लॅब्राडोरला १६ ची एक पूर्ण गोळी बसते, पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला तीच अर्धी. मोठ्या गोळीचे तुकडे करून खर्च कमी होत असेल तर डॉक्टरांना विचारा.

पंधराव्या दिवशी दोनवरून एकवर आलं की काही कुत्र्यांची खाज दोन-चार दिवस जराशी वर येते. तिथे घाबरून पुन्हा दोनवर जायचं नाही. आठवडा थांबा, बहुतेकदा ती आपोआप बसते.

एक वर्षाखालच्या पिल्लाला ही गोळी देत नाहीत. कर्करोग असलेल्या किंवा गंभीर संसर्ग चालू असलेल्या कुत्र्यालाही नाही. काहींना सुरुवातीला उलटी किंवा पातळ संडास होते. मोसमामागून मोसम चालणार असेल तर अधूनमधून रक्ततपासणी करा आणि आंघोळीच्या वेळी अंगावर नवी गाठ लागते का ते चाचपत राहा. पिसवा-गोचिडांच्या गोळ्यांसोबत ती देता येते.

बाकीचे पर्याय, थोडक्यात

लोकिव्हेटमॅब, म्हणजे सायटोपॉइंट, हे कातडीखाली द्यायचं इंजेक्शन इंटरल्युकिन-३१ लाच पकडतं. एका सुईचा परिणाम चार ते आठ आठवडे राहतो. त्यात स्टेरॉइड नसतं आणि ते यकृत-मूत्रपिंडावर भार टाकत नाही, म्हणून म्हाताऱ्या, इतर औषधं चालू असलेल्या कुत्र्याला सोयीचं. तुमच्या डॉक्टरांना ते मागवता येतं का ते आधी विचारा. शिवाय ते २ ते ८ अंश तापमानात राहायला हवं. पावसात वीज दिवसदिवस जाते तिथे ही अट कागदावरची नव्हे. औषध प्रवासात आणि दवाखान्यात थंड राहिलं होतं का, हे विचारणं तुमचा हक्क आहे.

सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध किलोमागे ५ मिलिग्रॅम रोज, पण पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. दोन महिन्यांच्या मोसमाला त्याचा काय उपयोग? वर्षातले आठ-नऊ महिने खाजणाऱ्या कुत्र्यासाठी ते राखून ठेवा. अ‍ॅलर्जीच्या चाचण्या करून लस बनवण्याचा मार्गही आहे. त्याला सहा महिने ते वर्ष द्यावं लागतं आणि तो जाणकार डॉक्टरांकडेच व्हावा. मुंबईत परळचं १८८६ सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा घाटापलीकडे शिरवळचं महाविद्यालय, इथे सल्ला घेता येतो.

माशाच्या तेलातली ओमेगा-३ आम्लं खाज एकट्याने थांबवत नाहीत, पण आठ ते बारा आठवड्यांनी स्टेरॉइडची गरज कमी करू शकतात. कोकणात हे स्वस्तात जमतं: तारली किंवा बांगडा, मीठ-तिखट न घालता उकडून, सगळे काटे काढून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नेमकी मोसमाच्या तोंडावर. त्या काळात सुकी मासळी हा पर्याय धरू नका, त्यात मीठ फार. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घ्या आणि मात्रा वजनाप्रमाणे विचारून घ्या.

मग माझ्या कुत्र्याला काय?

आकडा तीन-चारच्या आत, मोसम तीन-चार आठवड्यांचा: शॅम्पू, पाय धुणं, लागलंच तर सेटिरिझिन. इथे गोळ्यांचा मोठा विचार करूच नका.

आकडा सहाच्या वर, कातडी लाल आणि सुजलेली, पण त्रास महिनाभरातच ओसरतो: प्रेडनिसोलोनचा छोटा, उतरता कोर्स. खर्च परवडत असेल तर ऑक्लासिटिनिबही चालेल.

ऑगस्ट ते नोव्हेंबर असा लांब मोसम आणि कुत्रा वर्षापेक्षा मोठा: ऑक्लासिटिनिब. खर्चाचा हिशेब एका गोळीच्या किमतीवर करू नका, पूर्ण मोसमाच्या गोळ्यांवर करा. मोठ्या कुत्र्याला तो आकडा परवडत नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दिवसाआड प्रेडनिसोलोन, सोबत नियमित आंघोळ आणि माशाचं तेल अशी योजनाही नीट चालते. परवडत नाही म्हणून महाग गोळी मधेच सोडून देणं सगळ्यात वाईट.

वर्षाखालचं पिल्लू: आधी लूत आणि आहार तपासा, अंगावरच्या उपचारांवर भर द्या. मधुमेही कुत्रा: स्टेरॉइड शक्यतो टाळा. गाठ काढलेला किंवा कर्करोग झालेला कुत्रा: ऑक्लासिटिनिब आणि सायक्लोस्पोरिन दोन्ही नको, लोकिव्हेटमॅबबद्दल विचारा.

कानातून काळा मळ आणि वास येत असेल तर पडदा शाबूत आहे का हे डॉक्टरांनी आत बघितल्याशिवाय कोणतेही थेंब घालू नका.

दवाखान्यात जाताना आणि नंतर

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा बराचसा वेळ गुरांच्या कामात जातो, तेव्हा तुमची तयारी जितकी पक्की तितकी तपासणी नेमकी. कुत्र्याचं नुकतं केलेलं वजन, खाजेच्या आकड्यांचा कागद, लाल जागांचे फोटो, रात्रीच्या खाजवण्याचा छोटा व्हिडिओ, आधी दिलेल्या औषधांची पाकिटं आणि पिसवांची शेवटची गोळी कधी दिली ती तारीख घेऊन जा. लसीकरण जवळ आलं असेल तर तेही सांगा. सायक्लोस्पोरिन चालू असताना जिवंत विषाणूंची लस देत नाहीत. आदल्या दोन दिवसांत आंघोळ घालू नका, नाहीतर नमुन्यातलं यीस्ट धुऊन जाईल.

औषध सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी आकडे बघा. स्टेरॉइड किंवा ऑक्लासिटिनिब देऊनही आकडा निम्म्यावर आला नसेल तर मात्रा वाढवायची मागणी करू नका. यीस्ट, पुटकुळ्या आणि पिसवा यांची तपासणी पुन्हा करून घ्या. चूक बहुधा तिथे सापडते. चेहरा अचानक सुजला, श्वास घ्यायला त्रास होतोय किंवा कुत्रा कोसळला तर ही मोसमी खाज नव्हे, गांधीलमाशी किंवा एखाद्या औषधाची तीव्र प्रतिक्रिया असू शकते. तेव्हा घरी सेटिरिझिन शोधत बसू नका, गाडी काढा.

झोडणी आटोपली, हवेत कोरडा गारठा आला की गोळी थांबवून बघण्याची वेळ. ऑक्लासिटिनिब चालू असेल तर डॉक्टरांना विचारून ते बंद करा आणि पुढचे दोन आठवडे आकडे लिहीत राहा. प्रेडनिसोलोन असेल तर उतरवतच थांबवा. खाज परतली नाही तर पुढच्या श्रावणापर्यंत फक्त पिसवांची गोळी चालू ठेवा. ती गोळी थंडीतही बंद करायची नाही, कोकणातल्या थंडीने पिसवा मरत नाहीत. आणि आठवड्याभरात आकडा पुन्हा सहावर गेला, तोही पौषात, जेव्हा गवत वाळून गेलेलं असतं, तर मोसमाचा अंदाज चुकला असं समजून धूळ, पेंढा, फवारणी आणि आहार यांच्याकडे वळा.